कुत्रं जिवंत आहे का

कुत्रं चावलं तर त्याला मारायचं नाही. बांधून ठेवायचं आणि दहा दिवस बघायचं. खातंय का, पाणी पितंय का. दहा दिवस कुत्रं जगलं तर माणूस वाचला. आमच्या घराला हे उशिरा कळलं.

माझ्या धाकट्या चुलत्याला शेताच्या बांधावर कुत्रं चावलं होतं. वाडीतल्या माणसांनी त्याच संध्याकाळी ते काठ्यांनी मारलं आणि ओढ्यापलीकडे टाकून आले. सगळ्यांना वाटलं, काम झालं. जखमेत लाल तिखट भरलं, कुणी कसला पाला दिला. तालुक्याच्या दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं देतात हे ऐकून चुलता तिकडे गेलाच नाही. पुढे भात कापणीला आला तेव्हा त्याचा गळा आवळायला लागला. मी त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला, तर पाणी बघून तो मागे मागे सरकत भिंतीला टेकला. तहानेनं त्याचे ओठ फुटले होते. शेवटी त्याला गोठ्यात बांधून ठेवावं लागलं. आजोबा एवढंच म्हणाले, "कुत्रं मारलंत तिथंच चुकलात. ते असतं तर वेळेवर कळलं असतं." मी तेव्हा चौथीत होते. त्यानंतर माझी शाळाही सुटली.

लग्नानंतर काही वर्षांनी मी बहारीनला आले. आमचे हे अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात फोरमन होते. आम्ही माहूजला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. मुलगी इंग्रजी शाळेत जायची. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. यांचं मला एकच सांगणं असायचं, "इथं कुणाच्या नजरेत यायचं नाही. आपण बरं, आपलं घर बरं." मला ते सोपं होतं. मी तशीही कुणाच्या नजरेत येत नव्हते.

आमच्यासमोर एक बंगला होता. त्यात गोरं कुटुंब राहायचं. साहेबांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, सामानाचा ट्रक आला, आणि एक दिवस फाटकाला कुलूप लागलं. त्यांचा कुत्रा बाहेर राहिला. तपकिरी रंगाचा, छाती पांढरी, एक कान मोडलेला. पहिले काही दिवस तो फाटकाकडे तोंड करून बसला होता. गाडी आली की उठायचा, गाडी पुढे गेली की बसायचा. मग उठणंही थांबलं. ऐन उन्हाळ्याचे दिवस. तिथला उन्हाळा असा की दारावरची कडी हातात धरवत नाही.

मला कुत्र्यांची भीती होतीच. पण तो माझ्या खिडकीतून दिसायचा, आणि दिसलं की घास उतरत नसे. म्हणून मी दुपारी हे कामावर आणि मुलगी शाळेत असताना खाली जाऊ लागले. आमटीत कुस्करलेली चपाती एका जुन्या थाळीत घालायची, लांब ठेवायची, मागे सरायचं. तो पुढे यायचा, जेवायचा. मी तो दूर जाईपर्यंत थांबून थाळी उचलायचे. असं बरेच दिवस चाललं.

एका दुपारी इमारतीच्या मालकाची गाडी वळणावर दिसली. मला वाटलं, मालकानं बघितलं तर यांना बोलेल, भाडेकरू रस्त्यावरची कुत्री गोळा करतात म्हणून. मी घाईनं वाकून थाळी उचलली. तो अजून जेवत होता. त्यानं माझ्या तळहाताच्या कडेला दात लावले आणि लगेच सोडलं. आवाजसुद्धा केला नाही. गाडी सरळ निघून गेली, ती मालकाची नव्हतीच.

मी वर येऊन हात धुतला, साबण लावला, मग तिखटाचा डबा काढला. आमच्याकडे करतात तेच केलं. डोळ्यांपुढे काळोख आला, पण ओरडले नाही. संध्याकाळी यांना सांगितलं, विळी लागली.

खरं का सांगितलं नाही, याचा हिशेब माझ्या मनात स्पष्ट होता. सांगितलं तर हे मला इस्पितळात नेतील. इस्पितळवाले विचारतील, कुठलं कुत्रं. मग कुणीतरी जाऊन त्याला मारेल. आणि एकदा तो मेला की मला काय होणार ते कळायचा मार्ग बंद. समोर बसलाय तो, खिडकीतून बघत राहायचं. दहा दिवस. त्याला मी पाणी ठेवत जाईन, जेवण ठेवत जाईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर फाटकापाशी कुत्रा नव्हता.

खाली गेले. बंगल्याच्या मागे बघितलं, कचऱ्याच्या पिंपांमागे बघितलं. इमारतीच्या नातूरला, म्हणजे पहारेकऱ्याला, विचारायचं धाडस झालं नाही. जिन्यात बसले. वरच्या मजल्यावरची बाई ड्युटीवरून येत होती. ती वसईची ख्रिस्ती, सरकारी इस्पितळात नर्स. तिथं माझ्याशी मराठीत बोलणारी तेवढीच एक.

"काय गं बाय, जिन्यात कशाला बसलीस? चावी हरवली?"

"समोरचं कुत्रं दिसत नाही."

"अगो, त्यासाठी डोळ्यांत पाणी? नवरा शिफ्टला जातो तेव्हा इतकी रडत नसशील." मग माझं तोंड बघून ती थांबली. "काल संध्याकाळी नेलं त्याला. मीच फोन करायला लावला. जनाबियाला एक इंग्लिश मॅडम आहे, ही असली टाकलेली कुत्री-मांजरं नेते, त्यांना नवीन घरं बघून देते. नशीब समज त्याचं. गोळी घालणारे आधी आले असते तर खलास."

"नवीन घर लगेच मिळतं?"

"चांगलं कुत्रं असलं तर मिळतं की. कुणी परत देशात पण नेतात, विमानातून."

विमानातून. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "मला तिथं न्याल?" मी आपण होऊन कुणाला काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. तिलाही नवल वाटलं असावं. "हाताला काय झालं?" तिनं विचारलं. मी पदर ओढून घेतला. "विळी." दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती, तिनं मला गाडीतून नेलं.

जनाबियाला खजुरीची झाडं आणि उंच भिंतींचे बंगले. एका भिंतीआडून भुंकणं ऐकू येत होतं. आत पत्र्याची शेड, जाळीची खोपटी, वर ओली पोती टाकलेली. रबरी चपला घातलेली एक उंच गोरी बाई, उन्हानं हात लाल झालेले. पाइपनं फरशी धुणारा एक केरळी माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा. आणि तिसऱ्या खोपट्यात तो. मला बघून त्यानं शेपटी हलवली. मी त्याची शेपटी नव्हते बघत. पाण्याचं भांडं बघत होते. भरलेलं होतं. प्यालाय म्हणून कमी आहे की प्यायलाच नाही, हे कळत नव्हतं.

मी केरळी माणसाला हिंदीत विचारलं, "ये पानी पीता है?"

"सब पीता है. गरमी है न."

"मेरे सामने पिलाओ."

त्यानं भांडं ओतून ताजं पाणी भरलं. कुत्रा उठला आणि लपलप करत प्यायला. तो आवाज ऐकताना माझे खांदे खाली आले.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. मुलगी शाळेत गेली की बस पकडायची, ती शाळेतून यायच्या आत परत. याआधी मी एकटी बाजारापलीकडे गेले नव्हते. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायचे आणि भिंत दिसेपर्यंत मुठी आवळलेल्या असायच्या. फाटकाशी पोहोचल्यावर आधी कान द्यायचे. त्याचं भुंकणं मला वेगळं ओळखता येऊ लागलं होतं. ते ऐकू आलं की घंटा दाबायची.

नुसतं बसून राहायची लाज वाटायची म्हणून थाळ्या घासू लागले. मॅडमनं मला एक स्टूल दिलं, कपात दुधाचा चहा दिला. ती काहीतरी बोलायची, मी मान हलवायचे. ती त्याच्याकडे बोट दाखवून छातीवर हात ठेवायची आणि हसायची. मीही हसायचे. तिच्या मनात काय शिरलंय ते मला कळलं नव्हतं.

घरी मी मुलीपासून लांब राहत होते. चुलत्याच्या वेळी सांगायचे, अशा माणसाची लाळसुद्धा वाईट. मी तिचं ताट वेगळं केलं, तिच्या पेल्याला हात लावायचे नाही, ती पापा घ्यायला आली की मी तोंड फिरवायचे. ती यांना इंग्रजीत म्हणाली, "मम्मी इज अँग्री विथ मी." हे हसले. "अगं, काय झालंय तुला? पोरगी काय म्हणतेय बघ." मी म्हणाले, "सर्दी झालीय, तिला नको लागायला." रोज सकाळी मी पेल्यात पाणी घेऊन बघत उभी राहायचे. घशात काही होतंय का. भीती वाटतेय का. भीती तर वाटतच होती, ती पाण्याची की आठवणीची, हे कसं ओळखायचं? बसमधून समुद्र दिसायचा तेव्हाही मी मुद्दाम टक लावून बघायचे. चारी बाजूंनी पाणी असलेल्या गावात मी पाण्याला भितेय का, याची परीक्षा घेत होते.

त्या दिवसांत तिथं आणखी एक कुत्रा होता, काळा, मोठा. एका सकाळी त्याचं खोपटं रिकामं दिसलं. मी विचारलं, घर मिळालं का.

"नहीं," केरळी माणूस म्हणाला. "एक बच्चे को काटा. काटनेवाला किसी को नहीं देता मॅडम. डाक्टर, सुई, खलास." आणि तो पाइप घेऊन पुढच्या खोपट्याकडे गेला.

मी हात पदराखाली घेतला आणि दिवसभर बाहेर काढला नाही.

एक दिवस आमचा कुत्रा उठलाच नाही. आमचा म्हणते, तसं म्हणायला नको. तो कोपऱ्यात पडून होता, समोर ओकलेलं होतं, थाळी तशीच. मी जाळीला धरून उभी राहिले. "बीमार है?" मी विचारलं. "ज़्यादा खाया," केरळी माणूस म्हणाला, "तुम रोटी लाती, मॅडम भी देती, मैं भी देता. पेट कितना है इसका?" मी त्या दिवशी घरी जायची बस सोडली. दुसरी सोडली. शेवटी त्यानं मान उचलली, भांड्यापाशी गेला आणि प्यायला. घरी पोहोचले तेव्हा मुलगी नर्सबाईच्या दारात दप्तर घेऊन बसली होती.

दहा दिवस पुरे व्हायच्या आदल्या दिवशी एक जोडपं त्याला बघायला आलं. ते सौदीला चालले होते, त्याच आठवड्यात. बाईनं जाळीतून हात घालून त्याचा मोडका कान कुरवाळला. मॅडम दोरी घेऊन आली. मी पुढे झाले आणि खोपट्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. इंग्रजीचे जे दोन-चार शब्द मुलीकडून कानावर पडलेले, ते तोंडातून आले. "नो. नॉट टुडे. प्लीज." त्या जोडप्यानं एकमेकांकडे बघितलं. मॅडमनं दोरी खाली ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. त्या जोडप्याला तिनं मांजर दाखवायला नेलं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा जेवला, प्यायला, सावलीत जाऊन आडवा झाला. मी स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत राहिले. मला काही होणार नव्हतं. घरी आले आणि मुलीच्या ताटातला भात तिच्या हातानं खाल्ला.

पुढे शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी सुरमई साफ करत होते. घंटा वाजली. हे लुंगीवर होते, त्यांनीच दार उघडलं. दारात मॅडम, पत्ता नर्सबाईनं दिला असणार, मागे केरळी माणूस, त्याच्या हातात दोरी, दोरीला तो.

मॅडम यांच्याशी बोलू लागली. यांचा चेहरा आधी घाबरला, मग गोंधळला. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"तू कुत्रं मागितलंस?"

"नाही."

"ही म्हणतेय, तू रोज तिथं जातेस. रोज? जनाबियाला?"

मी मान खाली घातली. मुलगी धावत आली होती. "मम्मी, इज ही अवर्स?" तिनं विचारलं आणि त्याच्यासमोर बसली.

कुत्रा देण्याआधी घर बघायची त्या लोकांची पद्धत होती. मॅडमनं गॅलरीचा कठडा हलवून बघितला, दाराची कडी बघितली, पाणी कुठं ठेवाल विचारलं. हे तिच्यामागून लुंगी सावरत फिरत होते. नाही म्हणणं त्यांनाही जमत नव्हतं. मग ती खुर्चीवर बसली आणि शेवटचा प्रश्न विचारला. यांनी तो मला मराठीत सांगितला.

"विचारतेय, हा कधी कुणाला चावलाय का. तू त्याला आधीपासून ओळखतेस म्हणून."

नाही म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. मुलगी त्याच्या तोंडापुढे हात नाचवत होती, तो तिची बोटं हुंगत होता. हो म्हटलं तर पुढे काय होतं ते केरळी माणसानं सांगितलंच होतं. माझा जीव वाचला होता तो हा जगला म्हणून. आता त्याचा माझ्या जिभेवर होता.

"मला चावलाय," मी म्हणाले आणि हात पुढे केला.

यांनी हात धरून उजेडात नेला. "विळी म्हणाली होतीस."

"हो."

"हे मी हिला सांगू?"

"सांगितलं तर मारतील त्याला."

"आणि नाही सांगितलं तर?" त्यांनी मुलीकडे बघितलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. मॅडम एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"सांगा," मी म्हणाले. "पण मी त्याची थाळी उचलली तेही सांगा. तो जेवत होता. तो उपाशी होता. सगळं सांगा."

हे सांगू लागले. त्यांचं इंग्रजी कारखान्यातलं, एक वाक्य बोलून दुसरं शोधायचं. मी फक्त 'हंग्री' हा शब्द येतो का ते ऐकत होते. आला. दोनदा आला. मॅडमनं उठून माझा हात हातात घेतला, उलटा करून वण बघितला, काहीतरी विचारलं.

"म्हणतेय, मग तू रोज कशाला यायचीस?"

"सांगा, तो मरतोय का ते बघायला."

हे बोलले, चुलत्याचंही सांगितलं असावं, कारण बराच वेळ बोलले. मॅडम माझा हात सोडून उभी राहिली. तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं, राग मात्र नव्हता. तिनं केरळी माणसाला खूण केली. दोरी ओढल्यावर कुत्रा आधी हलेना. मुलगी रडायला लागली. जिन्यातून त्याची नखं वाजत खाली गेली.

त्याच दुपारी हे मला इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टर आपल्याकडचेच होते. म्हणाले, या बेटावर हा आजार मी अजून पाहिलेला नाही, पण आधीच यायला हवं होतं. एक इंजेक्शन दंडावर दिलं. परत येताना हे म्हणाले, "झालं आता तुझं समाधान?" मी हो म्हणाले.

समाधान झालं नव्हतं. माझ्या जिवाची भीती गेली, पण ती जागा रिकामी राहिली नाही. चपाती लाटताना, मुलीची वेणी घालताना, एकच. सुई दिली असेल का? मी बोलले म्हणून? कुणाला विचारणार? नर्सबाईला विचारायचं तर तिनं 'दिली' म्हटलं असतं, तर पुढे काय? दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी यांना सांगितलं, "मी जनाबियाला जाऊन येते." हे पेपर वाचत होते. "सुट्टे आहेत ना बसला?" एवढंच म्हणाले.

फाटकाशी उभी राहिले. आत कुत्री भुंकत होती, त्यांत त्याचा आवाज नव्हता. घंटेपाशी नेलेला हात मागे घेतला. पुन्हा नेला. केरळी माणसानं दार उघडलं. तिसरं खोपटं धुऊन ठेवलेलं होतं, पाण्याचं भांडं पालथं.

"किधर गया?"

"गया."

"डाक्टर के पास?"

"डाक्टर के पास भी गया." त्यानं पाइपचा नळ बंद केला. मला खाली बसावंसं वाटलं. "डाक्टर देखा, बोला बीमारी मफी, बीमारी कुछ नहीं. मॅडम दो दिन किसी से बात नहीं किया, सोचती थी. फिर अवाली से बुड्ढा साब आया. घर में बच्चा-बिच्चा कोई नहीं. मॅडम सब बता दिया उसको, तुम्हारा हाथ, थाली, सब. साब बोला, मेरा भी थाली कोई उठाएगा तो मैं भी काटेगा."

"सच बोलता है?"

"झूठ बोलके मेरे को क्या मिलेगा?"

मी जाळीला धरून उभी होते. "गाडी में बैठा?"

"पहले नहीं बैठा. साब ने उठाके रखा."

"काटा?"

"नहीं काटा."

"पक्का?"

"अरे बाई, मैं इधर ही खड़ा था."

मॅडम घरात फोनवर बोलत होती, तिनं खिडकीतून हात केला. मीही केला. मग बाहेर आले आणि रस्ता ओलांडून बसच्या खांबापाशी, होती तेवढ्या सावलीत उभी राहिले.